माझ्यात उतरलेलं शिसं

मी खरं बोलत होते आणि कुणी ऐकलं नाही. चार महिने बोलत होते. पेल्याच्या तळाशी बोलले, डबीच्या कडेला बोलले, शेवटी त्या माणसाच्या मनगटात बसून बोलले. ज्यांनी ऐकायचं त्यांनी पेला विसळला आणि पालथा घातला. मला तोंड नाही म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. तुम्हालाही पटायचं नसेल तर उठून जा. पण उद्या मी तुमच्या घरात आले आणि काही झालं, तर माझ्याकडे बोट दाखवू नका.

शिलाजीत म्हणतात मला. काळी, चिकट, चवीला अशी कडू की जीभ मागे पळते. थंडीत मी दगडासारखी टणक होते, हाताची ऊब लागली की मेणासारखी मऊ. लोक मला औषध म्हणतात, काही जण जादू म्हणतात. मी दोन्ही पूर्ण नाही. मी कपारीची लेक आहे, एवढंच मला ठाऊक आहे.

माझा जन्म मरणातून झाला. फार फार पूर्वी डोंगर हलले, आणि त्यांच्या घड्यांमध्ये झाडं, शेवाळ, पानं, मुळं अडकली. वरून दगड, खालून दगड, पळायला जागा नाही. कितीतरी काळ ती तशीच दाबली गेली आणि काळी होत गेली. जाणकार असंच सांगतात, आणि मलाही तसंच आठवतं. कारण सगळं शांत झालं की माझ्या आत पानं सळसळतात. वारा नसतो, पानं तर केव्हाच नाहीत, तरी सळसळतात. एक झाड कण्हल्यासारखं करतं. मला त्याची भीती वाटत नाही. ते माझे आईबाप आहेत.

उन्हाळ्यात डोंगर तापला की दगडाला घाम फुटतो. तो घाम म्हणजे मी. भेगेतून हळूहळू बाहेर येते आणि कड्याला चिकटून लोंबते.

मला तिथून काढायचा तो एक काटकुळा म्हातारा. लोक त्याला डोंगऱ्या म्हणत. कमरेला दोर बांधून तो कड्यावर उतरायचा, खरवडायच्या आधी बोटाच्या पेराने दगडावर टकटक करायचा आणि कान लावायचा. एकदा कान काढून तो पुटपुटला, "हो हो, नेतो. सगळ्यांना नेतो." कुणाला म्हणाला ते त्याला ठाऊक आणि आम्हाला ठाऊक.

डोंगऱ्या कामाला चोख होता. कपारीतून जशी निघाले तशी मला कधीच कुणाच्या तोंडी जाऊ दिलं नाही त्याने. दगडाच्या पोटात सगळंच असतं, वाळू, बुरशी, नको ते जड धातू. तो मला गरम आंबट काढ्यात विरघळवायचा, गाळायचा, स्थिर ठेवायचा. वर तरंगेल तेवढीच मी. खाली बसेल तो गाळ लांब नेऊन खड्ड्यात पुरायचा, आणि पुरून झाल्यावर मागे वळून बघायचा नाही. मग उन्हात आटवायचा. थोडी काढून शहरात तपासायला पाठवायचा, आणि तिथून आलेला कागद डबीला चिकटवल्याशिवाय डबी विकायचा नाही. हे सगळं ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं ते यातलं एकही न केल्यामुळे झालं.

तर अशी एक डबी एका शिंप्याच्या घरी गेली.

शिंपी म्हणजे पडदे शिवणारा. मोठमोठ्या सभागृहांचे, कचेऱ्यांचे उंच पडदे. सगळे त्याला मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर कात्री, मोजायचा गज, खडू, इस्त्री. पडद्यांचे तागे छतापर्यंत उभे. दुपारी मशीन थांबली की ते तागे उभ्या माणसांसारखे दिसायचे, पाठ फिरवून उभ्या असलेल्या.

घरात तिघं. मास्तर, त्याची बायको, आणि त्याची मोठी बहीण आक्का. आक्काचा नवरा लवकर गेला, त्याआधी आई गेली होती, म्हणून मास्तरला आक्कानेच वाढवला. बायको बारीक अंगाची, म्हणून आक्का तिला टाचणी म्हणायची. आधी लाडाने म्हणायची. नंतर तेच नाव दात खाऊन म्हणायला लागली.

मास्तरला तेव्हा मोठं काम आलं होतं. सकाळपासून उभं राहून कापायचं, पाठ धरायची, दुपारनंतर डोळे मिटायचे. डोंगऱ्या डबी घेऊन आला तेव्हा आक्काने विचारलं, "याने माझ्या भावाला पुन्हा विशीतला जोर येईल का?"

डोंगऱ्या म्हणाला, "बाई, वीस वर्षं मागे न्यायला मी काय घड्याळवाला आहे का? थकवा जरा कमी वाटतो, असं घेणारे सांगतात. काही डॉक्टरांनी थोड्या माणसांवर करून पाहिलंय, काहींना बरं वाटलं. छातीठोक मी सांगणार नाही. हरभऱ्याच्या डाळीएवढी, दिवसातून एकदा, कोमट दुधात. दीड-दोन महिने घ्यायची, मग थांबायचं. कुणाच्या रक्तात लोह जास्त असेल, कुणाचे सांधे युरिक ॲसिडने सुजत असतील, कुणाला रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरला विचारा. आणि पोटुशी बाईने हात लावायचा नाही."

टाचणी दाराआड उभी होती. शेवटचं वाक्य ऐकून तिने पदर पोटावर ओढला. तेव्हा घरात कुणालाच सांगितलं नव्हतं तिने.

पहिली डबी ठीक गेली. मास्तर डाळीएवढी घ्यायचा, पेला रिकामा झाला की तळ स्वच्छ. महिनाभराने तो म्हणाला, "दुपारी झोप येत नाही आता." माझ्यामुळे, की टाचणीने त्याला वेळेवर जेवायला बसवायला सुरुवात केली म्हणून, ते मी शपथेवर सांगणार नाही. खोटं श्रेय मला नको. नाहीतर खोटा दोषही अंगावर घ्यावा लागतो.

डबी संपली तेव्हा आक्काच्या मनात आलं.

"त्या म्हाताऱ्याच्या हातची कशाला? त्याची नखं बघितलीस? मी त्याच्याकडून कच्चे खडेच घेते. स्वतः साफ करते. काचेसारखं करून देते माझ्या भावाला."

मास्तर म्हणाला, "आक्का, घरात कामं काय कमी आहेत?"

"तुला अंघोळ घालून मोठा केला तेव्हा विचारलं होतंस का, कामं कमी आहेत का म्हणून?"

झालं. मास्तर गप्प. तो आयुष्यभर याच वाक्यावर गप्प बसत आला होता.

डोंगऱ्या कच्चे द्यायला तयार नव्हता, पण आक्काने हट्टच धरला, तेव्हा साफ करायची रीत सांगून त्याने खडे दिले. मोठ्या घमेल्यात आंबट काढा केला, त्यात मला विरघळवलं. आता गाळायला कापड हवं. शिंप्याच्या घरात कापड विकत आणत नाहीत आणि चिंधी फेकत नाहीत. टेबलाखाली जुन्या पडद्यांचे तुकडे पडलेले असत. आक्काने एक खालच्या काठाचा तुकडा उचलला, दुमडीसकट.

दुमडीत काय असतं, ते पडदेवाल्यांनाच ठाऊक. पडदा वाऱ्याने उडू नये, सरळ पडावा, म्हणून त्या दुमडीत शिशाच्या गोळ्या शिवून टाकतात. आक्काला हे माहीत नव्हतं असं म्हणू नका. तिने स्वतः हजारो गोळ्या शिवल्या होत्या. तिला तो तुकडा त्या वजनासाठीच आवडला.

"बघ रे, कसा सरळ बसतोय काढ्यात! तरंगत नाही, गोळा होत नाही."

मास्तरने टेबलावरून मान वळवून बघितलं आणि म्हणाला, "वजन आहे ना त्याला. छान बसलाय." आणि पुन्हा कात्री चालवायला लागला. दोघांपैकी एकालाही, ज्या वजनाचं कौतुक चाललंय ते कशाचं आहे, हे मनात आलं नाही. ज्या वस्तूला रोज हात लागतो तिची भीती जाते.

आठ दिवस मी त्या घमेल्यात होते, त्या कापडासकट. उन्हात कोमट, आंबट. पहिल्या दिवशी दुमडीतून कुणीतरी बाहेर बघितल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते आलं. कसं आलं ते सांगते. आवाज नाही, वास नाही, रंग नाही. गर्दीच्या खोलीत एखादा अनोळखी माणूस येऊन भिंतीला टेकून उभा राहावा, आणि सगळ्यांचं बोलणं एकेक करून थांबावं, तसं. मी विचारलं, कोण आहेस? ते बोललं नाही. ते कधीच बोललं नाही. पण त्या दिवसापासून माझ्यातली पानं सळसळायची थांबली. माझे आईबाप पहिल्यांदा गप्प झाले.

डोंगऱ्याने सांगितलं होतं, खालचा गाळ टाकायचा. आक्का म्हणाली, "फेकायचा कशाला? कस तर त्यातच असतो." आणि तळ खरवडून तोही माझ्यातच घोटला. तपासायला पाठवायचं तर तिच्या डोक्यातही आलं नाही. "स्वतःच्या घरचं कुणी तपासतं का!" डाळीएवढीऐवजी मोठा चमचा, दिवसातून दोनदा. आणि तो चमचा दुधात ढवळून पेला नेऊन द्यायचं काम टाचणीचं.

आता काय झालं बघा. मी डबीत होते, आणि मी मास्तरच्या अंगातही होते. हे कसं ते मला विचारू नका, पण मला दोन्हीकडचं दिसत होतं. डबीतून मला खोली दिसायची, आणि आतून मला तो पाहुणा दिसायचा. मी रक्तातून पुढे निघून जायचे. तो जायचा नाही. तो हाडं शोधायचा. एक हाड सापडलं की त्यात शिरून दार लावून घ्यायचा.

मी बोलायला लागले. पेल्याच्या तळाशी पांढरट कणी सोडली. टाचणीने बघितली.

"आक्का, तळाशी काहीतरी उरतंय. आधीच्या डबीचं उरत नव्हतं."

"उरत असेल तुझ्या दुधातलं. पेला घासत जा नीट."

मी डबीत घमेल्याच्या दिशेने कलायला लागले. शेल्फावर डबी सरळ असायची, पण सकाळी झाकण उघडलं की मी एका कडेला चढून बसलेली. त्याच कडेला, ज्या बाजूच्या कोपऱ्यात घमेलं आणि त्यात ते वाळलेलं कापड पडलं होतं. टाचणीने डबी फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच कोपऱ्याकडे. तिने तीन वेळा फिरवली, मी तीन वेळा वळले. चौथ्या दिवशी तिने आक्काला हाताला धरून दाखवायला आणलं.

आक्का हसली. "डबीला पाय फुटले का गं? शेल्फ तिरकं असेल. का गरोदर बायकांना असं दिसतं?"

तोवर घरात कळलं होतं ना. आणि कळल्यावर आक्काने प्रेमाने तिच्यासाठीही एक चमचा कालवला होता. टाचणीने तो घेतला नाही. "डोंगऱ्याने नाही म्हणून सांगितलंय," म्हणाली. आक्काने तो पेला उचलला, पण नजर उचलली नाही. ती तशीच टाचणीवर ठेवली.

मास्तरचं पोट दुखायला लागलं. मुरडा यायचा आणि तो टेबलाची कड धरून उभा राहायचा. भूक गेली. चिडचिड वाढली. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ आली, शिंप्याने खडूने आखावी तशी बारीक, सरळ. आणि मग एका दुपारी तो पडदा कापत होता. कात्री अर्ध्यावर आली आणि थांबली. त्याने हाताकडे बघितलं. उजवं मनगट खाली लोंबलं होतं. बोटं होती, बोटांत कात्रीही होती, पण मनगट वर येत नव्हतं. त्याने डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला. सोडला की पुन्हा लोंबला. खोलीत मशीन बंद, रस्त्यावर आवाज नाही. ते उभे तागे आणि मधे हा माणूस, स्वतःचा हात परक्याच्या वस्तूसारखा उचलून बघणारा.

त्या मनगटात मी होते. ओरडत होते. पण माझ्याआधी तो पाहुणा तिथे पोचला होता.

आक्का धावत आली, हात बघितला आणि आधी टाचणीकडे वळली.

"काय घालतेस त्याच्या दुधात?"

"तुम्ही केलेलंच घालते आक्का."

"माझं मी घालून दिलंय, तुझं काय घालतेस ते विचारते! स्वतः का नाही घेतलंस? सांग ना. त्याला दोन वेळा पाजतेस आणि स्वतः एक थेंब घेत नाहीस. का?"

टाचणी मास्तरकडे बघायला लागली. एक शब्द पुरला असता. "आक्का, पुरे" एवढंच. मास्तर हाताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आक्काने टाचणीची पेटी भरून उंबऱ्याजवळ ठेवली. "डॉक्टरकडे जाऊ. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. विष निघालं तर तिथूनच तुझ्या आईच्या घरी जायचं. आणि ते पोट आमचं नाही, हे ध्यानात ठेव."

टाचणी घाबरेल असं आक्काला वाटलं. टाचणी घाबरली नाही. ती आत गेली आणि पिशवीत सामान भरू लागली. डबी. उरलेले कच्चे खडे. बटणांच्या डबीत दिवसेंदिवस जमवलेली पेल्यांच्या तळाची पांढरी कणी. आणि घमेल्यातलं ते कापड. तिचा हात त्या कापडाला लागला तशी ती क्षणभर थांबली, वाकून कान लावल्यासारखं केलं. मी तुम्हाला सांगते, तिला काहीतरी ऐकू आलं होतं. अख्ख्या घरात तिलाच.

डॉक्टरबाईंनी मास्तरचं रक्त घेतलं, हिरड्या बघितल्या, मनगट उचलून सोडलं. मला एका बाटलीत घातलं, वर शिक्का मारला. तपासणीला आठ दिवस लागतील म्हणाल्या.

त्या बाटलीत मी आजही आहे. त्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, चिकटवलेल्या कागदासकट. पानं अजून सळसळत नाहीत. मेलेले मेल्यासारखे वाटावेत अशी ही पहिलीच वेळ.

तुमच्याकडे एवढंच मागते. मला घ्यायचं असेल तर घ्या, पण माझी शहानिशा करून घ्या. तपासल्याचा कागद मागा. डाळीएवढी म्हणजे डाळीएवढी. कच्चे खडे घरी उकळत बसू नका. मी कोमट पाण्यात नीट विरघळले म्हणजे मी शुद्ध झाले असं समजू नका, तो पाहुणाही माझ्यात नीटच विरघळला होता. आणि तळाशी काही दिसलं, तर पेला विसळायच्या आधी ज्याने बघितलं त्याचं ऐका. मग ती घरातली सगळ्यात लहान का असेना.

आता आठ दिवसांनी डॉक्टरबाईंच्या खोलीत काय झालं ते ऐका.

तिघं बाकावर बसले होते. मधे मास्तर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्तात शिसं आहे. खूप. डबीतल्या औषधातही आहे. पण कच्च्या खड्यांत नाही म्हणण्याइतकंच आहे. म्हणजे डोंगरावरून आलं नाही. तुमच्या घरात घातलं गेलंय."

"बघा!" आक्का उभी राहिली. "मी काय म्हणत होते? हिनेच..."

"बसा." बाईंनी ते कापड टेबलावर टाकलं. ते कापडासारखं पडलं नाही, ठक्क वाजलं. त्यांनी दुमडीवर कात्री चालवली. गोळ्या बाहेर घरंगळल्या. गोल राहिल्या नव्हत्या. किड्याने खाव्यात तशा कुरतडलेल्या, पांढऱ्या पडलेल्या. प्रत्येकीचा थोडा थोडा भाग कमी होता, आणि तो कमी झालेला भाग त्या खोलीतच बसला होता, बाकावर, मधोमध.

 मास्तरने डोळे मिटले. टाचणीने पोटावर हात ठेवला.

"हे कापड काढ्यात कुणी सोडलं?" बाईंनी विचारलं. त्यांच्यापुढे कागद होता आणि हातात पेन. "मला वर कळवावं लागतं. आणि हात बराचसा परत येईल, औषध देते, पण वेळ लागेल. घरात पुढे कुणाच्या हातचं घ्यायचं हेही ठरवावं लागेल तुम्हाला."

आक्काचा आवाज एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला. "चिंध्या हीच गोळा करते. हीच देते मला. मला काय ठाऊक, हिने मुद्दाम..."

"आक्का," टाचणी हळूच म्हणाली, "मी दिलं होतं का?"

आक्का तिच्याकडे बघेना. ती मास्तरकडे बघत होती. ज्याला कडेवर घेऊन तिने चालायला शिकवलं, ताप आला तेव्हा उशाशी बसली, स्वतःचं पुन्हा घर मांडायचं सोडून ज्याचं घर सांभाळलं, तो तिचा भाऊ होता. त्याने टेबलावरून मान वळवून ते कापड बघितलं होतं. कापड काढ्यात कुणी सोडलं ते बघितलेली माणसं त्या खोलीत दोनच, आणि त्यातली एक खोटं बोलली होती.

"मास्तर, मी काय लिहू?" बाई म्हणाल्या.

तो टाचणीकडे वळला नाही. आक्काकडेही वळला नाही. मांडीवर पडलेल्या आपल्या हाताकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प बसला नाही.

"हिचं नाव नका लिहू," तो म्हणाला. "कापड घातलं ते माझ्या बहिणीने. लिहा, आक्का."